पहिल्या तपासणीवरची माणसे

मागील अंकात या सदरातून आम्ही प्राथमिक तपासणीविषयी, म्हणजे कारखान्यापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे ज्याला ‘स्क्रीनिंग’ म्हटले जाते त्या कामाविषयी आणि ते करणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयी प्रश्न मागवले होते. लातूर, धाराशिव, नांदेड आणि परभणी या जिल्ह्यांतून पत्रे आली. काही पत्रलेखक स्वतः हे काम करतात, काहींच्या मालावर किंवा शरीरावर अशी तपासणी झाली आहे आणि तिच्या निकालाने ते गोंधळले आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले आहे. वाळूज एमआयडीसीतील एका कंपनीकडून ‘स्क्रीनिंग टेस्टर’ या जागेसाठी मुलाखतीचे बोलावणे आले आहे. माझी मावसबहीण रक्तपेढीत तपासणीचे काम करते आणि एक मित्र विमानतळावर बॅगा तपासतो, त्यांच्याही कामाला स्क्रीनिंगच म्हणतात. हे सगळे एकच काम आहे का? आणि मुलाखतीत मी काय विचारावे?
— एक पदवीधर, निलंगा

उत्तर : साधने वेगळी, शिक्षण वेगळे, पगारही वेगळा, पण कामाचा गाभा मात्र एकच आहे. स्क्रीनिंग करणारा माणूस अंतिम निकाल देत नाही. मोठ्या संख्येने समोर येणाऱ्या वस्तू, नमुने किंवा माणसे यांपैकी कोणाकडे पुन्हा, अधिक बारकाईने आणि अधिक खर्च करून पाहावे लागेल, एवढेच तो थोड्या वेळात ठरवतो. त्यामुळे त्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. चांगल्याला तो संशयित ठरवू शकतो आणि दोष असलेल्याला सोडून देऊ शकतो. चाचणी तीच ठेवून तिची मर्यादारेषा इकडे किंवा तिकडे सरकवली, तर एक चूक कमी होते आणि दुसरी वाढते. कोणती चूक परवडेल आणि कोणती मुळीच परवडणार नाही, हे प्रत्येक क्षेत्र आपापल्या परिस्थितीनुसार ठरवते आणि या तीन कामांतला खरा फरक तिथेच आहे.

आपल्या मावसबहिणीच्या रक्तपेढीत दान केलेली प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ ‘ब’, कावीळ ‘सी’, गुप्तरोग (सिफिलिस) आणि हिवताप या पाच आजारांसाठी तपासणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे नुसता संशय आला तरी पिशवी बाद होते. दात्याचे रक्त निर्दोष असण्याची शक्यता शिल्लक असली तरी ते कोणाच्या शरीरात चढवले जात नाही, कारण एक पिशवी वाया जाण्याची किंमत एका रुग्णाच्या आयुष्यापुढे काहीच नाही. विमानतळावरही कल असाच आहे. पडद्यावर थोडी जरी शंका आली तरी बॅग उघडली जाते आणि प्रवाशाची पाच मिनिटे जातात. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात वेगळीच युक्ती असते. तिथे सुटे भाग काही तास मुद्दाम जास्त तापमानात चालवून पाहतात, म्हणजे जे कच्चे आहेत ते गिऱ्हाइकाच्या घरी बिघडण्याऐवजी कारखान्यातच बिघडतात.

वाळूजबद्दल थोडे सविस्तर लिहितो. १९८५ मध्ये तिथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आगेमागे सुटे भाग बनवणारे लहान-मोठे कारखाने या पट्ट्यात उभे राहिले. आपल्याला बोलावणारी कंपनी अशा पुरवठादारांपैकी असेल, तर पहिल्याच आठवड्यात आपल्या हातात बहुधा प्लग गेज येईल. हा एक पोलादी दांडा असतो आणि त्याच्या दोन टोकांची जाडी किंचित वेगळी असते. ‘गो’ टोक नगाच्या छिद्रात फारसा जोर न लावता, सहज आत गेले पाहिजे. ‘नो-गो’ टोक आत जाता कामा नये. दोन्ही अटी पूर्ण झाल्या तर नग पुढे जातो, नाहीतर रेड बिनमध्ये पडतो. एका नगाला काही सेकंद लागतात आणि शिफ्टमध्ये असे शेकडो नग हातांखालून जातात. हे काम दिसायला सोपे आहे, पण त्यात दोन गोष्टी माणसाला फसवतात. पहिली गोष्ट म्हणजे गेज स्वतःच झिजते. हजारो वेळा आत-बाहेर झाल्यावर ‘गो’ टोक बारीक होते आणि जो नग अडायला हवा होता तो सहज पास होऊ लागतो. म्हणून प्रत्येक गेजवर कॅलिब्रेशनची, म्हणजे त्याची अचूकता पडताळल्याची, तारीख असलेले लेबल असते आणि चांगला टेस्टर शिफ्ट सुरू करताना आधी तेच पाहतो. दुसरी गोष्ट म्हणजे हाताचा जोर. घाई असली की ‘गो’ टोक थोडे दाबून आत घालण्याचा मोह होतो, आणि तो मोह आवरणे हाच या कामातला प्रामाणिकपणा आहे.

नुसत्या डोळ्यांनी करायची तपासणी याहून अवघड असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवर तासन्‌तास नजर ठेवणाऱ्या ब्रिटिश सैनिकांकडून खुणा निसटतात का, हा प्रश्न पुढे आला. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यावर केलेले प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा मध्येच एखादी उडी दुप्पट मारतो, तेवढीच ओळखायची होती. पण पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. दोष दुर्मीळ असले की नजर आणखी सुस्तावते, हेही पुढील संशोधनातून दिसले. म्हणूनच विमानतळावरील एक्स-रे यंत्रांत मधूनमधून शस्त्राचे खोटे चित्र मुद्दाम बॅगेत दाखवण्याची सोय असते, म्हणजे पाहणाऱ्याचे लक्ष जागे राहते आणि त्याची परीक्षाही होते. सगळे नग तपासले म्हणून सगळे दोष सापडले, असे जो व्यवस्थापक समजतो, त्याने हे काम स्वतः कधी केलेले नसते.

मुलाखतीत आपण तीन गोष्टी नम्रपणे पण स्पष्ट विचाराव्यात. एका बैठकीत सलग किती वेळ तपासणी करावी लागते आणि मधे काम बदलून देतात का, हे विचारावे. टेस्टर उत्पादन विभागाच्या हाताखाली असतो की क्वालिटी विभागाच्या, हे विचारावे. कारण ज्या सुपरवायझरला आज संध्याकाळपर्यंत ठरावीक संख्या पूर्ण करून द्यायची आहे, त्याच्याच हाताखाली नग अडवणे कोणालाही जड जाते. आणि सलग खराब नग येऊ लागले तर टेस्टरला लाइन थांबवण्याचा अधिकार आहे का, हेही विचारावे. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर ती जागा शिकण्यासारखी आहे, असे माझे मत आहे. कॅलिब्रेशन, मोजमापातील फरकांचा अभ्यास आणि संख्याशास्त्रावर आधारलेले गुणवत्ता नियंत्रण हा पुढचा रस्ता आहे, आणि प्रयोगशाळेची सवय असलेल्या विज्ञान पदवीधराला तो जड जात नाही.

प्रश्न : आमच्या गावातील शिबिरात माझी गर्भाशयमुखाची तपासणी झाली. सिस्टरने व्हिनेगरसारखे औषध लावून पाहिले आणि ‘पॉझिटिव्ह आहे, पुढे दाखवा’ असे सांगितले. घरी रडारड झाली. सासूबाई म्हणतात की डॉक्टर नसलेल्या बाईने सांगितलेले खरे धरू नकोस. मला कॅन्सर आहे का? जावे की न जावे?
— एक वाचक, तुळजापूर तालुका

उत्तर : ताई, आधी आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो : अवश्य जावे, आणि लवकर जावे. पण जाताना आपल्याला कर्करोग झाला आहे असे मनात धरून जाऊ नये.

सिस्टरने जी तपासणी केली तिला व्हीआयए म्हणतात. गर्भाशयाच्या मुखावर ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिडचे द्रावण लावतात, सुमारे एक मिनिट थांबतात आणि चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहतात. पेशींमध्ये बदल झालेले असतील तर तो भाग पांढरा दिसतो. मात्र साधा जंतुसंसर्ग किंवा भरत आलेली जखम असली तरीही पांढरेपणा येऊ शकतो. म्हणून व्हीआयए पॉझिटिव्ह याचा अर्थ ‘इथे आणखी नीट पाहायला हवे’ एवढाच आहे. पुढची पायरी म्हणजे कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगाच्या उपकरणातून तपासणी, आणि गरज वाटली तर मांसाचा अगदी लहान तुकडा घेऊन बायोप्सी. कर्करोग आहे की नाही हे बायोप्सीवरच ठरते. आणि समजा कर्करोगापूर्वीचा बदल सापडला, तर तो भाग गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करण्याचा उपचार थोड्या वेळात होतो आणि बहुतेक वेळा त्यासाठी दवाखान्यात राहावेही लागत नाही.

हे मी आपल्याच जिल्ह्याच्या अनुभवावरून सांगू शकतो, आणि ही गोष्ट धाराशिवच्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. ५२ गावगटांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट केले होते. एका गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी आणि तिसऱ्यात आपली झाली तशी व्हीआयए; चौथा गट तुलनेसाठी होता आणि त्याला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. व्हीआयए गटात तपासलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी साधारण १४ जणींची चाचणी पॉझिटिव्ह आली होती, आणि त्यांतील बहुसंख्य जणींना कर्करोग नव्हता. आपण आज त्याच १४ जणींच्या जागी उभ्या आहात.

या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तुलनेच्या गटात ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४. म्हणजे एकदाच केलेल्या चाचणीने आणि तिच्यानंतरच्या उपचाराने मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही म्हणून या अभ्यासावर पुढे टीका झाली आणि ती टीका गंभीर आहे. त्या चौथ्या गटातील स्त्रियांचे ऋण विसरून या आकड्यांचे कौतुक करता येणार नाही.

आता सासूबाईंच्या शंकेविषयी. ती शंका अगदीच निराधार नाही, कारण व्हीआयएचा निकाल पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो. उस्मानाबादच्या अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दुसरा अभ्यास केला. तिथे हेच काम डॉक्टरांनी केले नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना काही आठवड्यांचे नेमके प्रशिक्षण देऊन आणि त्यांच्या कामाची सतत फेरतपासणी करून ते करवून घेतले. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. यावरून एक गोष्ट नीट समजते : तपासणी डॉक्टरने केली की सिस्टरने, यापेक्षा तपासणाऱ्या हाताला कोणते प्रशिक्षण मिळाले आहे, त्याच्या निकालांवर कोणी देखरेख ठेवते का आणि तपासणी पुन्हा पुन्हा होते का, हे कितीतरी महत्त्वाचे आहे. आपल्या सिस्टरने ‘पुढे दाखवा’ असे सांगितले, म्हणजे तिने आपले काम नेमके केले. तिने तिथेच कर्करोग असल्याचे जाहीर केले असते किंवा काही नाही म्हणून घरी पाठवले असते, तर मला काळजी वाटली असती.

जाताना शिबिरात मिळालेली चिठ्ठी सोबत न्यावी. घरातील कोणी सोबत आले तर उत्तम. सासूबाईच आल्या तर त्याहून उत्तम, कारण त्यांचे वय साठीच्या आत असेल तर त्यांचीही तपासणी त्याच दिवशी होऊ शकेल.

प्रश्न : हमीभावाच्या खरेदी केंद्रावर माझ्या सोयाबीनची हवा १४ निघाली म्हणून माल परत केला. त्याच दिवशी अडतीवर व्यापाऱ्याच्या यंत्रावर साडेअकरा आली. टेम्पोचे भाडे डोक्यावर बसले. खरे यंत्र कोणाचे?
— एक शेतकरी, औसा तालुका

उत्तर : आपला संताप रास्त आहे. पण दोन्ही यंत्रे आपापल्या जागी बरोबर असूनही आकडे वेगळे येऊ शकतात, हे आधी समजून घ्यावे लागेल. हवा, म्हणजे दाण्यातील ओलावा, मोजणारी ही यंत्रे ओलाव्याला थेट हात लावत नाहीत. ती दाण्यांच्या थरातून जाणाऱ्या विजेच्या गुणधर्मावरून ओलाव्याचा अंदाज करतात, आणि दाण्याचे तापमान बदलले की तो अंदाज सरकतो. उन्हात उभ्या राहिलेल्या टेम्पोतील वरचे पोते आणि सकाळच्या गारव्यात भरलेले तळाचे पोते यांचे आकडे जुळत नाहीत. यंत्रात पीक सोयाबीनऐवजी दुसरेच निवडलेले असेल तरीही आकडा चुकतो. आणि सर्वांत मोठा फरक नमुन्याने पडतो. ग्रेडरने, म्हणजे केंद्रावर माल तपासणाऱ्याने, परखी (पोत्यातून नमुना काढायची टोकदार नळी) एकाच पोत्यात वरवर खुपसली, तर त्याने एका पोत्याचा वरचा थर मोजला, आपला माल मोजला नाही. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि खालून काढलेले दाणे एकत्र करून त्यातून घेतलेला नमुनाच आपल्या मालाविषयी काही सांगू शकतो. वाद मिटवणारी शेवटची पद्धत प्रयोगशाळेतील आहे : दाण्याचे वजन करायचे, ओव्हनमध्ये ठरावीक तापमानाला ते सुकवायचे आणि वजनात पडलेल्या घटीवरून ओलावा काढायचा.

खरेदी केंद्रासाठी सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि माल ओला म्हणून परत जाऊ लागला, तेव्हा केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. म्हणजे तेच दाणे, तोच १४ चा आकडा, पण रेषा सरकल्यावर निकाल बदलला. प्राथमिक तपासणीत रेषा कुठे आखली जाते, हा विज्ञानाइतकाच धोरणाचाही प्रश्न असतो आणि ती रेषा आखणारा माणूस ग्रेडर नसतो, हे रागाच्या भरातही ध्यानात ठेवावे.

ग्रेडरची बाजू अशी असते की त्याने घेतलेला माल गोदामावर पुन्हा तपासला जातो आणि तिथे नापास झाला तर जाब त्यालाच विचारला जातो. त्यामुळे शंका आली की नाकारण्याकडे त्याचा कल झुकतो. रक्तपेढीतही असेच होते, पण तिथे नाकारल्याचा भार संस्था उचलते. इथे तो सगळा शेतकऱ्याच्या टेम्पोभाड्यावर येतो. हे मला अन्यायाचे वाटते. यावर उपाय अवघड नाही. नाकारलेल्या मालाचा आकडा, वेळ आणि तपासणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी शेतकऱ्याला मिळावी, त्याच्या देखत दुसरा नमुना काढून पुन्हा मोजावा आणि वाद राहिलाच तर दोघांच्या सहीने बंद केलेला नमुना तपासायला जावा. आपण पुढच्या वेळी निदान दुसऱ्या नमुन्याची मागणी जरूर करावी आणि तीन वेळा मोजून सरासरी काढायला सांगावे. माल घरून निघण्यापूर्वी गावातील शेतकरी उत्पादक कंपनीकडे किंवा ओळखीच्या अडत्याकडे हवा पाहून घ्यावी आणि आकडा १२ च्या जवळ असेल तर आणखी एक-दोन दिवस ताडपत्रीवर पातळ थर देऊन माल वाळवावा. काठावरचा माल घेऊन केंद्रावर जाणे म्हणजे निर्णय यंत्राच्या लहरीवर सोडणे होय.

प्रश्न : पाणी तपासण्याचे प्रशिक्षण मिळालेल्या आमच्या गावातील पाच महिलांपैकी मी एक आहे. किटने तपासल्यावर एका बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त दिसले. मी ग्रामपंचायतीत सांगितले तर ‘गावाची बदनामी करता का’ असे मला ऐकवले. मी काय करावे?
— एक बचतगट सदस्य, नांदेड जिल्हा

उत्तर : ताई, आपण केले ते योग्यच केले. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवण्याची योजना नेमकी यासाठीच आहे की, प्रयोगशाळेचा माणूस वर्षातून एक-दोनदा येईल, पण घागर रोज भरणारी बाई रोज तिथे असते.

आता कामाचे बोलू. फ्लोराईडच्या चाचणीत नमुन्यात थेंब टाकल्यावर पाणी गुलाबी होते आणि फ्लोराईड जसे वाढत जाते तसा तो गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकतो. रंगपट्टीशी जुळवताना सावलीत, पांढऱ्या कागदासमोर धरून पाहावे. पिवळ्या बल्बखाली किंवा संध्याकाळी रंग फसवा दिसतो. किटमधील रसायनाची मुदत संपलेली नाही ना, हे बाटलीवर पाहावे. त्याच बोअरचा दुसरा नमुना दुसऱ्या दिवशी घ्यावा आणि प्रशिक्षित मैत्रिणीपैकी एकीला, आपला आकडा न सांगता, तो वाचायला लावावा. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. दोघींनाही रंग याच्या वरचा दिसला, तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे (गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्याकडे) नमुना देऊन तो प्रयोगशाळेत पाठवण्याचा लेखी आग्रह धरावा. आपल्या वहीत तारीख, बोअरची जागा आणि दिसलेला रंग नोंदवून ठेवावा.

बोलताना ‘पाणी विषारी आहे’ असे म्हणू नये. ‘किटवर फ्लोराईड जास्त दिसते आहे, प्रयोगशाळेत खात्री करायची आहे’ असे म्हणावे. हे सौम्य शब्द कोणाला खूश करण्यासाठी नाहीत; पहिल्या तपासणीतून तेवढेच म्हणता येते. जिल्हा परिषदेच्या स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते आणि लाल कार्डाची भीती गावपुढाऱ्यांना असते, हे खरे. पण दूषित स्रोत लपवून कार्ड हिरवे राहिले, तर मुलांच्या दातांवरचे तपकिरी डाग आणि पुढे हाडांचे दुखणे लपणार नाही. खात्री होईपर्यंत त्या बोअरचे पाणी धुण्याभांड्यांना वापरावे आणि पिण्यासाठी दुसऱ्या स्रोतावरून आणावे. पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही, हे शेजारणींना जरूर सांगावे, कारण उकळले म्हणजे सगळे गेले असा समज घरोघरी आहे. जंतूंसाठीची जी काळी पडणारी बाटली आपल्या किटमध्ये आहे, तिचा फ्लोराईडशी काही संबंध नाही. ती बाटली स्वच्छ राहिली म्हणून बोअर निर्दोष ठरत नाही.

प्रश्न : शिबिरात रक्तदान केल्यानंतर रक्तपेढीने मला पुन्हा येऊन भेटायला सांगितले आहे. कारण फोनवर सांगत नाहीत. फार भीती वाटते.
— एक रक्तदाता, परभणी

उत्तर : फोनवर कारण न सांगणे हे आपल्या हिताचे आहे, कारण फोन कोणाच्या हाती असेल याची खात्री नसते. वर सांगितलेल्या पाचपैकी एखाद्या चाचणीत संशय आला असावा. रक्तपेढीच्या चाचण्या मुद्दाम अशा निवडलेल्या असतात की निर्दोष रक्तही कधीकधी त्यांत अडकते. एचआयव्हीचाच प्रश्न असला तरी एका चाचणीवर निदान होत नाही. सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात समुपदेशनानंतर वेगवेगळ्या तीन किटवर खात्री करतात आणि ही सेवा मोफत आहे. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार आपल्या संमतीशिवाय ही माहिती मालकाला, नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला सांगता येत नाही. याच आठवड्यात जाऊन या, आणि तोपर्यंत दुसऱ्या शिबिरात रक्तदान करू नका.

प्रश्न : घरचेच सोयाबीन बियाणे म्हणून वापरायचे आहे. उगवण घरी तपासता येते का?
— एक शेतकरी, रेणापूर तालुका

उत्तर : येते, आणि पेरणीपूर्वी ती तपासलीच पाहिजे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. त्या वर्षी दुबार पेरणीचा फटका बसलेल्या कितीतरी घरांना ही घरगुती चाचणी वाचवू शकली असती.

गोणपाटाचा तुकडा स्वच्छ धुऊन ओला करावा. बियाण्याच्या प्रत्येक पोत्यातून मूठभर दाणे काढून एकत्र मिसळावेत आणि त्यांतून न निवडता १०० दाणे मोजावेत. इथेच बहुतेकांची गफलत होते : हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो आणि मग चाचणी बियाण्याची न होता निवडलेल्या दाण्यांची होते. हे दाणे गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत, एकमेकांना न चिकटवता ठेवून वर दुसरा ओला तुकडा टाकावा, सैल गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि दोन्ही वेळा पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी उघडून धडधाकट कोंब आलेले दाणे मोजावेत. वाकडे, कुजके किंवा मूळच नसलेले कोंब मोजू नयेत. एकच चाचणी पुरेशी मानू नये, शंभराच्या तीन गुंडाळ्या लावून सरासरी काढावी.

७० किंवा त्याहून जास्त दाणे उगवले तर एकरी ३० किलोच्या हिशेबाने पेरावे. ६० उगवले तर त्याच रोपसंख्येसाठी एकरी ३५ किलो लागेल. त्याच्या बरेच खाली आकडा आला तर ते बियाणे बाजारात विकून दुसरे घ्यावे, आणि विकत घेतलेल्या पिशवीचीही हीच चाचणी करावी. पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे वरचे लेबल शाबूत राहते. ते लेबल, पावती आणि मूठभर बियाणे पीक उगवून येईपर्यंत जपून ठेवावे, कारण तक्रारीची वेळ आली तर कृषी विभाग याच तीन गोष्टी मागतो.